तोंडाच्या कर्करोगाचा बायोप्सी अहवाल कसा वाचावा आणि त्यातून जनुकांची अभिव्यक्ती कशी ओळखावी

कोल्हापूर जिल्ह्यात तोंडाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या घरात अहवाल बहुधा रुग्णाच्या मुलाच्या, सुनेच्या किंवा जावयाच्या हातात येतो. तो इंग्रजीत असतो, दोन-तीन पानांचा असतो, आणि घरचे लोक त्यातली ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग) ही एकच ओळ शोधून बाकीचा मजकूर डॉक्टरांवर सोपवून देतात. मग पै-पाहुण्यांपैकी कोणीतरी सांगते की ‘जीन टेस्ट’ करून घ्या, नमुना बाहेर पाठवा, म्हणजे नेमके औषध कळेल. माझे मत असे आहे की तोंडाच्या कर्करोगात जनुकांची अभिव्यक्ती कशी बिघडली आहे, याबद्दलची उपचाराला उपयोगी पडणारी बरीचशी माहिती त्या साध्या अहवालातच शब्दरूपाने उतरलेली असते, आणि ती वाचून झाल्याशिवाय कोणत्याही महागड्या तपासणीसाठी पैसे उभे करण्याची घाई करू नये. निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. पण ज्या नातेवाइकाला अहवाल समजला आहे तो त्यांना नेमके प्रश्न विचारू शकतो, आणि कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांसमोर मिळणारी थोडी मिनिटे त्यामुळे सार्थकी लागतात.

आधी एवढे समजून घ्यावे

गालाच्या आतल्या अस्तराची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यातला डीएनए एकच असतो. प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके दोन्हींत असतात, पण त्यांतली कोणती जनुके वाचली जातात, त्यांची आरएनए प्रत किती निघते आणि त्या प्रतीवरून किती प्रथिन तयार होते, यावर त्या पेशीचे रूप आणि काम ठरते. उसाला पाणी पाजताना दारे धरणारा माणूस एका वेळी ठरावीक सऱ्यांनाच पाणी सोडतो, तशी पेशीही ठरावीक वेळी ठरावीक जनुकेच वाचते. या वाचण्यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

कर्करोगात हे वाचन दोन प्रकारांनी बिघडते. पहिल्या प्रकारात जनुकाचा मजकूरच बदलतो, त्याला उत्परिवर्तन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मजकूर शाबूत असतो, पण जनुकाच्या आरंभीच्या भागावर मिथाइल गट चिकटून ते जनुक मुके होते, किंवा एकाच जनुकाच्या अनेक प्रती तयार होऊन त्याचे प्रथिन भरमसाट बनू लागते. तंबाखूतील एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइन रसायने डीएनएला थेट इजा करतात. सुपारीही निर्दोष नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार, सुपारीचा मावा आणि तव्यावर भाजून केलेली मिश्री या सवयी कोल्हापूर, कागल, निपाणी पट्ट्यात जुन्या आहेत. मिश्रीबद्दल मुद्दाम सांगितले पाहिजे. दात घासण्याची वस्तू म्हणून तिच्याकडे पाहिले जाते, त्यामुळे डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. अहवालासोबतच्या माहितीत ही सवय लिहिली गेली आहे का ते पाहावे आणि नसेल तर आपण होऊन सांगावे.

चट्ट्यापासून गाठीपर्यंत काय घडते

अहवालात ‘हायपरप्लेझिया’ (पेशींची संख्या वाढणे), ‘डिस्प्लेझिया’ (पेशींचे रूप आणि मांडणी बिघडणे), ‘कार्सिनोमा इन सिटू’ (अस्तरापुरताच असलेला कर्करोग) आणि ‘इन्व्हेजिव्ह कार्सिनोमा’ (अस्तराखाली शिरलेला कर्करोग) असे शब्द येतात. हे एकाच वाटेवरचे टप्पे आहेत, मात्र प्रत्येक चट्टा शेवटपर्यंत जातोच असे नाही. कित्येक चट्टे वर्षानुवर्षे तिथेच थांबतात, काही व्यसन सुटल्यावर मावळतात.

या वाटेवर जनुकांचे बदल साधारण एका क्रमाने साचत जातात, हे १९९६ मध्ये डोके आणि मानेच्या कर्करोगांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी मांडले. नवव्या गुणसूत्राच्या ९पी२१ या भागाची हानी फार लवकर होते, आणि तिथेच पी१६ हे प्रथिन घडवणारे जनुक असते. पी१६ चे काम पेशीच्या विभाजनाला आवर घालण्याचे आहे. ते गेले, किंवा मिथाइल गटांमुळे मुके झाले, की पेशीला थांबवणारा एक लगाम सुटतो. पुढे सतराव्या गुणसूत्रावरचे टीपी५३, म्हणजे पी५३ प्रथिन घडवणारे जनुक, बिघडते, आणि अकराव्या गुणसूत्रावरच्या ११क्यू१३ या भागाच्या प्रती वाढून सायक्लिन डी१ हे विभाजनाला पुढे ढकलणारे प्रथिन जास्त होते. येथे क्रमापेक्षा साचलेल्या बदलांची बेरीज महत्त्वाची ठरते, असे त्या संशोधकांनीही म्हटले होते.

आपल्याकडच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य देशांत तोंडाच्या कर्करोगात जिभेचे प्रमाण मोठे, तर आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीतला कर्करोग खूप आढळतो, कारण बार नेमका तिथेच धरला जातो. म्हणून भारतीय संशोधकांनी या जागेच्या गाठींचा स्वतंत्र जनुकीय अभ्यास केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. टीपी५३, एफएटी१, कॅस्प८, एचरास आणि नॉच१ ही आधी ठाऊक असलेली जनुके त्यात वारंवार बिघडलेली आढळलीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांसारखी काही नवी नावेही पुढे आली. परदेशी रुग्णांवरून ठरवलेले निष्कर्ष आपल्या माणसाला जसेच्या तसे लावता येतीलच असे नाही, याचा हा पुरावा आहे, आणि बाहेरून मागवलेल्या तपासणीच्या जाहिराती वाचताना तो ध्यानात ठेवावा.

सबम्युकस फायब्रोसिसची गोष्ट थोडी वेगळी आहे. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन हे चिवट तंतूंचे प्रथिन साचत जाते आणि तोंड उघडेनासे होते. सुपारीतील अरेकोलीन आणि तांबे यांच्या परिणामाने टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाचे आणि लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमचे काम वाढते. पहिले कोलॅजन बनवायला लावते आणि दुसरे ते घट्ट विणते, त्यामुळे शरीराला ते विरघळवता येत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर गाठ नसली तरी दंतवैद्याकडे गेलेच पाहिजे.

अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा

सुरुवात जागेपासून करावी. उजवा गाल, डावी हिरडी, जिभेची कड, ओठ यांपैकी काय लिहिले आहे आणि रुग्णाच्या तोंडात गाठ खरोखर तिथेच आहे का, हे पडताळावे. बायोप्सीचा छोटा तुकडा आणि शस्त्रक्रियेनंतर काढलेला मोठा भाग यांचे अहवाल वेगवेगळे असतात, आणि खाली सांगितलेल्या बऱ्याच नोंदी दुसऱ्या अहवालातच पूर्णपणे मिळतात. बायोप्सीत त्या नसतील तर अहवाल अपुरा आहे असे समजू नये.

त्यानंतर ‘ग्रेड’ पाहावी. ‘वेल डिफरन्शिएटेड’ असे लिहिले असेल तर गाठीतल्या पेशी अजून अस्तराच्या पेशींसारख्या दिसतात, केराटिन (त्वचेत-नखांत असते ते कडक प्रथिन) बनवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या केराटिनचे गोल गुलाबी मणी दिसतात. याचा अर्थ असा की केराटिनची जनुके अजून वाचली जात आहेत. ‘पूअरली डिफरन्शिएटेड’ मध्ये ती ओळख पुसली गेलेली असते. म्हणजेच ग्रेड ही जनुकांच्या अभिव्यक्तीवरचीच टिप्पणी आहे, फक्त ती डोळ्यांनी केलेली आहे. तरीही केवळ ग्रेडवरून आजार सौम्य की घातक हे ठरवू नये. तोंडाच्या कर्करोगात पुढच्या नोंदी तिच्यापेक्षा अधिक बोलक्या असतात.

त्या नोंदींपैकी पहिली ‘डेप्थ ऑफ इन्व्हेजन’, म्हणजे गाठ मूळ अस्तराच्या पातळीपासून किती मिलिमीटर खोल शिरली आहे हे माप. २०१८ पासून लागू झालेल्या, कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी संस्थेच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत या खोलीला टप्पा ठरवण्यात स्थान मिळाले. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असेल आणि खोली ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर टी१, म्हणजे गाठीचा सुरुवातीचा टप्पा. खोली ५ च्या वर गेली की गाठ लहान असूनही ती टी१ राहत नाही, आणि १० च्या वर गेली की किमान टी३ होते. वरून चण्याएवढी दिसणारी जिभेवरची गाठ आत किती शिरली आहे हे बोटाने चाचपून नेमके कळत नाही, म्हणून हा आकडा अहवालात आहे की नाही ते पाहावे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात तो नसेल तर नम्रपणे विचारावे. मानेतल्या गाठी हाताला लागत नसतानाही मानेची शस्त्रक्रिया का सुचवली, हा प्रश्न घरोघरी पडतो. टाटा मेमोरिअल रुग्णालयातील शल्यविशारदांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाच्या कर्करोगात मानेतील लसिकाग्रंथी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के रुग्ण ३ वर्षांनी हयात होते, तर ग्रंथी वाढल्यावरच काढलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. या फरकामुळे हा सल्ला दिला जातो.

दुसरी नोंद गाठीच्या पुढच्या फळीची आहे, आणि येथे थोडे थांबले पाहिजे, कारण जनुकांची अभिव्यक्ती आणि रोगाची चाल यांचा संबंध याच जागी सर्वांत स्पष्ट दिसतो. हेमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की गाठीच्या मध्यभागी निळ्या-जांभळ्या केंद्रकांच्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजक्यांत बसलेल्या असतात. नजर कडेकडे सरकवत नेली की काही रुग्णांत हे पुंजके रुंद, गुळगुळीत कडेने पुढे सरकताना दिसतात, तर काहींत कड फाटलेली असते: पाच-सात पेशींचे तुकडे, कधी एकटीदुकटी पेशी, स्नायूंच्या गुलाबी तंतूंमध्ये घुसलेली असते. चिकटून बसलेल्या पेशींना धरून ठेवणारे प्रथिन ई-कॅडहेरिन आहे. पुढच्या फळीत ते कमी होऊ लागते, आणि आजूबाजूचे तंतू विरघळवणारी एमएमपी गटातील एन्झाइमे वाढतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तोंडाच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांच्या गाठींमधील जवळजवळ ६,००० पेशींची अभिव्यक्ती एकेक पेशी सुटी करून मोजली. पुढच्या फळीतल्या पेशी अस्तराची ओळख पूर्णपणे सोडत नाहीत, पण अर्धवट हिंडती अवस्था धारण करतात, त्यांच्या शेजारी गाठीतले फायब्रोब्लास्ट (आधाराचे तंतू बनवणाऱ्या पेशी) असतात आणि हीच अवस्था लसिकाग्रंथींत रोग पसरण्याशी जोडलेली आहे, असे त्यांना आढळले. एकाच गाठीत मध्यभागी एक अभिव्यक्ती आणि कडेला दुसरी, हे त्यातून ठळकपणे दिसले.

अहवालात हेच दृश्य ‘पॅटर्न ऑफ इन्व्हेजन’ या शीर्षकाखाली येते. त्यात ५ हा आकडा असेल तर मुख्य गाठीपासून किंवा शेजारच्या तुकड्यापासून किमान १ मिलिमीटर अंतरावर गाठीचे सुटे तुकडे आढळले आहेत असा अर्थ होतो, आणि ही नोंद गंभीरपणे घ्यायची असते. सोबत ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ म्हणजे मज्जातंतूच्या कडेने झालेला शिरकाव आणि ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ म्हणजे रक्त किंवा लसिका वाहिन्यांत झालेला शिरकाव, यांपुढे ‘प्रेझेंट’ आहे की ‘अ‍ॅब्सेंट’ ते पाहावे.

शेवटी कडा, म्हणजे कापून काढलेल्या भागाच्या सीमा, आणि ग्रंथी. कडेपासून गाठीचे अंतर ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर कड सर्वसाधारणपणे स्वच्छ मानतात, त्याहून कमी असेल तर ‘क्लोज’ म्हणतात. फॉर्मेलिनमध्ये उती आकसते, त्यामुळे शल्यविशारदाने मोजून सोडलेले अंतर अहवालात कमी दिसते; यावरून त्यांनी हयगय केली असा समज करून घेऊ नये. ग्रंथींच्या बाबतीत किती काढल्या, किती बाधित निघाल्या आणि ‘एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन’ आहे का, हे तीन मुद्दे पाहावेत. रोग ग्रंथीचे कवच फोडून बाहेर आला असेल, किंवा कडेवर गाठ शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेनंतर नुसत्या किरणोपचाराऐवजी त्यासोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध देण्याचा विचार होतो. पुढचे सहा-सात आठवडे रुग्णाला रोज किरणोपचारासाठी जावे लागणार असते, त्यामुळे राहण्या-खाण्याची सोय, कामावरची रजा आणि सोबतीला कोण थांबणार, या सगळ्याची आखणी याच ओळीवर अवलंबून असते.

आयएचसीची पुरवणी

काही अहवालांना इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या आयएचसीची पुरवणी जोडलेली असते. तीत विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून तपकिरी रंग आणला जातो: जिथे ते प्रथिन आहे तिथे तपकिरी, बाकी सर्वत्र फिका निळा. याचा अर्थ हा डाग जनुकाच्या वाचनाचा शेवटचा टप्पा दाखवतो. आरएनए किती आहे ते तो दाखवत नाही, आणि जनुकात उत्परिवर्तन आहे की नाही हेही थेट सांगत नाही.

पी५३ च्या बाबतीत हा फरक न कळल्याने फार गैरसमज होतात. निरोगी अस्तरात पी५३ तयार होते आणि लगेच मोडले जाते, म्हणून तळाच्या थरात मोजक्या केंद्रकांवर फिका तपकिरी रंग दिसतो. टीपी५३ मधल्या एका अक्षराच्या बदलाने प्रथिनाचा आकार बिघडला की ते मोडले जात नाही, साचत राहते, आणि जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होते. पण उत्परिवर्तनामुळे प्रथिन अर्ध्यावरच तुटत असेल तर काहीच साचत नाही आणि काच पूर्ण निळी राहते. त्यामुळे ‘पी५३ निगेटिव्ह’ वाचून घरात सुटकेचा निःश्वास टाकण्याचे कारण नाही. गडद सर्वत्र आणि पूर्ण कोरे, हे दोन्ही नमुने बिघाडाचेच असतात. ‘वाइल्ड टाइप पॅटर्न’ असे लिहिले असेल तर डाग निरोगी पेशींसारखा आहे असे समजावे.

पी१६ ची गंमत उलटी आहे. घशाच्या मागच्या भागात, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगात एचपीव्ही विषाणू असला की पी१६ भरपूर वाढते, आणि किमान ७० टक्के पेशींत गडद डाग असेल तर रोगाचा अंदाज बराच चांगला मानला जातो. हे वाचून गालाच्या किंवा हिरडीच्या कर्करोगाचा नातेवाईक ‘आमचेही पी१६ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे चांगले ना?’ असे विचारतो. तोंडाच्या पोकळीतल्या गाठीला तो नियम लागू नाही. तिथे पी१६ च्या डागावरून विषाणू ठरवता येत नाही आणि उपचारही बदलत नाहीत. म्हणून पी१६ चा निकाल वाचण्यापूर्वी पुन्हा एकदा पहिल्या पानावरची जागा वाचावी.

पी४० आणि पी६३ यांचे डाग गाठ स्क्वेमस प्रकारचीच आहे हे पक्के करण्यासाठी असतात, ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने तिथे घाबरू नये. केआय-६७ विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचे प्रमाण टक्क्यांत सांगते. स्तनाच्या कर्करोगात त्याला जे वजन आहे ते तोंडाच्या कर्करोगात नाही. ईजीएफआर हे पेशीला वाढीचा संदेश पोहोचवणारे प्रथिन बहुसंख्य गाठींत वाढलेलेच असते आणि त्याच्या डागाच्या गडदपणावरून त्याला अडवणारे सेटुक्सिमॅब हे औषध लागू पडेल की नाही हे सांगता येत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी वेगळा खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

पीडी-एल१ ची गोष्ट वेगळी आहे, कारण या अभिव्यक्तीवर औषधाचा निर्णय खरोखर अवलंबून असतो. गाठीच्या पेशी हे प्रथिन पृष्ठभागावर आणून रोगप्रतिकारक पेशींना थोपवतात. अहवालात ‘सीपीएस’ हा आकडा येतो: डाग लागलेल्या गाठीच्या पेशी आणि लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी यांची बेरीज, भागिले गाठीच्या एकूण जिवंत पेशी, गुणिले १००. रोग परत आला असेल किंवा दूर पसरला असेल तेव्हा सीपीएस १ किंवा अधिक असल्यास पेम्ब्रोलिझुमॅब या, रोगप्रतिकारक पेशींवरचा हा अडसर काढणाऱ्या औषधाचा विचार केला जातो. मोजणीसाठी नमुन्यात गाठीच्या किमान १०० जिवंत पेशी असाव्या लागतात, आणि पीडी-एल१ ची अभिव्यक्ती जागेनुसार व काळानुसार बदलते, म्हणून जुन्या तुकड्यावर केलेली तपासणी की नव्या, हे विचारावे. या औषधांचा पूर्ण खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि येथे आपल्याच राज्यातील कामाचा उल्लेख केला पाहिजे. टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, बऱ्या न होऊ शकणाऱ्या टप्प्यातील डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत दर ३ आठवड्यांनी निवोलुमॅब या त्याच प्रकारच्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दिला. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के होते, ते ४३.४ टक्क्यांवर गेले. आपल्या रुग्णाच्या बाबतीत हा पर्याय लागू आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

ब्लॉक आणि काचा जपणे

या सगळ्या तपासण्या ज्यावर होतात तो मेणाचा ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, अहवालाच्या कागदाइतकाच जपण्यासारखा आहे. कागदाची झेरॉक्स मिळते, ब्लॉकची मिळत नाही. मुळात बायोप्सीचा तुकडा काढल्याबरोबर १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या सुमारे दहापट द्रावणात बुडायला हवा. सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये तासन्‌तास राहिलेल्या तुकड्यातली प्रथिने आणि आरएनए खराब होतात, आणि मग ‘निगेटिव्ह’ आलेला डाग रोगाचे लक्षण की हाताळणीचा परिणाम, हे कोणालाच सांगता येत नाही. तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतः न्यायची वेळ आली तर बाटलीवर नाव, वय, जागा आणि बाजू लिहिली आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे.

पुढील उपचारासाठी मुंबईला जायचे ठरले तर मूळ प्रयोगशाळेला लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि काचा मागून घ्याव्यात, अहवालातला ब्लॉक क्रमांक आणि ठोकळ्यावरचा क्रमांक जुळवून पाहावा आणि घेतल्याची पोच सही करून द्यावी. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर जाताना काचा त्यांच्या डबीतच ठेवून हातातल्या पिशवीत घ्याव्यात, बर्थखालच्या बॅगेत टाकू नयेत. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बंद डिकीत ब्लॉक ठेवू नयेत, मेण मऊ पडते. फ्रीजची मात्र गरज नाही. काम झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागावा, कारण रोग पुन्हा उद्भवला तर आधीच्या गाठीशी तुलना त्यावरच करता येते.

नवी तपासणी सुचवली गेली तर

अनेक जनुकांची एकत्रित तपासणी किंवा आरएनएच्या अभिव्यक्तीची चाचणी सुचवली गेली तर एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा: हिचा निकाल असा आला किंवा तसा आला, तर आमच्या रुग्णाच्या उपचारात नेमका काय बदल होईल? उत्तरात शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा एखादे ठरावीक औषध यांचे नाव आले तर तपासणीला अर्थ आहे. ‘माहिती मिळेल’ एवढेच उत्तर आले तर थांबावे. शस्त्रक्रियेने बरा होण्यासारखा रोग असताना अशा निकालाची वाट पाहत आठवडे घालवणे मला धोक्याचे वाटते. तेवढ्या अवधीत गाठीची खोली वाढते, आणि खोलीचे महत्त्व वर आलेच आहे. रोग परतलेला असेल, नेहमीची औषधे थकली असतील, तेव्हा अशा तपासणीची जागा वेगळी असते. अभ्यासासाठी नमुना मागितला असेल तर संमतीपत्र मराठीत मागावे, आणि ती तपासणी संशोधनासाठी आहे, उपचारासाठी नाही, हे समजून मगच सही करावी. त्यासाठी नमुना देणे चांगलेच आहे, कारण आपल्या भागातल्या गाठींची जनुके आपल्या भागातल्या नमुन्यांतूनच कळणार आहेत.

खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. कोणती तपासणी आणि कोणते उपचार योजनेत बसतात हे पैसे भरण्यापूर्वी त्यांच्याकडून जाणून घ्यावे, आणि त्यासाठी शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवावे.

उपचारानंतर आणि घरातल्या इतरांसाठी

गाठ काढली तरी तंबाखूचा मारा सगळ्या अस्तरावर झालेला असतो. शेजारच्या, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या भागातही पेशी बदललेल्या असतात, हे संशोधकांनी १९५३ मध्येच मांडले, आणि त्यामागचे जनुकांचे बदल पुढच्या अभ्यासांत दिसून आले. म्हणून उपचारानंतर दुसऱ्या गालावर किंवा जिभेवर नवा चट्टा दिसला तर तो जुन्याच रोगाचा भाग आहे असे गृहीत न धरता त्याची वेगळी बायोप्सी आणि वेगळा अहवाल मागावा, आणि वरच्याच क्रमाने तो वाचावा. व्यसन सुटल्यावर धोका वर्षांगणिक उतरत जातो, पण डीएनएत झालेली उत्परिवर्तने पुसली जात नाहीत, त्यामुळे मिश्री सोडून पाच वर्षे झाली म्हणून तपासणीला जाणे सोडू नये.

घरात बार, मावा किंवा मिश्रीची सवय असलेल्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहून ओठ उलटून, दोन्ही गाल बोटाने ताणून, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि जिभेखालचा भाग पाहावा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन ते तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कारणाशिवाय हलू लागलेला दात, तोंड उघडण्यातला फरक किंवा मानेत लागणारी गाठ यांपैकी काहीही आढळले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. लाल चट्ट्याकडे पांढऱ्यापेक्षाही अधिक लक्ष द्यावे, कारण त्यात डिस्प्लेझिया किंवा कर्करोग सापडण्याची शक्यता जास्त असते. बायोप्सीचा तुकडा चट्ट्याच्या कडेवरून, जिथे तो सर्वांत संशयास्पद दिसतो तिथून घ्यायला हवा, मधल्या कुजलेल्या भागातून नव्हे; आणि अहवालात ‘डिस्प्लेझिया’ आढळला तर तो सौम्य, मध्यम की तीव्र आहे हे वाचून पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी.